विजेच्या तारेतून मागच्या माडीपर्यंत

इंदूरहून मुलीने पाठवलेलं कुरिअर उघडलं तेव्हा आत दोन पांढरे ठोकळे निघाले. साबणाच्या वडीहून जरा मोठे, मागे प्लगच्या पिना, पुढे तीन बारीक दिवे. सोबत हातभर लांबीची एक वायर आणि घडी घातलेला कागद.

मी लगेच तिला फोन लावला.

"आई, सोपं आहे," ती म्हणाली. "एक ठोकळा दुकानात राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लाव आणि त्या छोट्या वायरने राउटरला जोड. दुसरा मागच्या माडीवर लाव, तो तिथे वायफाय देईल. घरात लाईटची वायर आहे ना, तिच्यातूनच नेट माडीपर्यंत जाईल."

"लाईटच्या वायरमधून?"

"हो."

"त्याच वायरमधून? वेगळी टाकायची नाही?"

"नाही गं. आणि तू तर सायन्सची टीचर होतीस!"

होते खरी. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी विजेचा धडा आला की फळ्यावर सेल, बल्ब आणि स्विच काढून बाणांनी प्रवाह दाखवायचा. पण आमच्या भिंतीतल्या तारेतून विजेखेरीज आणखी काही जाऊ शकेल, असं कधी मनात आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरातल्या सॉकेटकडे बघत उभी होते.

मला माडीवर नेट कशाला हवं होतं, ते सांगते. निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकायला घेतली होती. एका नातेवाइकांकडे भिंतीवर एक जुना कागद काचेत लावलेला पाहिला. भाषा मराठी, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. ते फार लागलं. नाशिकचे एक शिक्षक आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते सात, इंटरनेटवर मोडी शिकवतात असं कळलं आणि मी नाव घातलं. पण आमचं घर इतवाऱ्यातलं, जुन्या पेठेतलं. रुंदी दोन खोल्यांची आणि लांबी विचारू नका. पुढे यांचं होजियरीचं दुकान, मग बैठक, मग स्वयंपाकघर, सासऱ्यांची खोली, उघडा चौक, आणि त्यापलीकडे मागचा भाग, त्याच्यावर माडी. भिंती हातभर जाड. राउटर दुकानात, कारण बिलं तिथल्या कॉम्प्युटरवर बनतात. नेट जेमतेम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचं. दुकानात संध्याकाळी गिऱ्हाईक, बैठकीत टीव्ही, स्वयंपाकघरात कुकर. गुरुजी विचारायचे, "ताई, तुमच्याकडे शिट्टी कसली वाजतेय?" शांत जागा म्हणजे फक्त मागची माडी, आणि तिथे मोबाईलला एक दांडीही धड मिळत नसे.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी पहिला ठोकळा लावला. कागदावर लिहिलं होतं की आधी दोन्ही जवळजवळ लावून त्यांची ओळख करून द्या. एकाचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. मी दोन्ही दुकानातल्या सॉकेटांत लावले, बटणं दाबली. मधला दिवा लुकलुकला आणि स्थिर हिरवा झाला. कागद सांगत होता: हिरवा म्हणजे उत्तम, नारिंगी म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट.

हे काउंटरवरून बघत होते. "झालं?"

"ओळख झाली. आता दुसरा माडीवर नेते."

"वायर जळणार नाही ना? मतलब, कॉम्प्युटर आहे इथे."

"जळायला काय झालं, त्यात काही फार जोर नसतो," मी म्हणाले, पण तेव्हा मला स्वतःलाच ते नक्की माहीत नव्हतं.

माडीवर जाऊन मी दुसरा ठोकळा लावला. पहिला दिवा लागला, तिसरा लागला. मधला पेटला तो लाल. थोडा वेळ राहिला आणि विझला.

संध्याकाळी मुलीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावलास की एक्स्टेंशन बोर्डात?" माडीवरच्या भिंतीत एकच सॉकेट, म्हणून मी तिथे दुकानातला जुना एक्स्टेंशन बोर्ड लावला होता, तो व्होल्टेज वाढलं तर उपकरणं वाचवतो तसला. "तोच त्या सिग्नलला गाळून टाकतो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड काढला, ठोकळा थेट भिंतीत लावला. आता लाल दिवा विझत नव्हता एवढंच. मोबाईलवर नेट यायचं, मुंगीच्या पावलांनी. गुरुजींचा चेहरा अर्धा उमटून थांबायचा.

इथे दुसरी एखादी म्हणाली असती, जाऊ दे. मला मात्र प्रश्न पडला की सिग्नल हरवतो कुठे? दुकानात हिरवा असलेला दिवा माडीवर लाल होतो, तर मधे कुठेतरी तो बदलत असणार. मी शाळेची एक कोरी वही काढली, ठोकळा हातात घेतला आणि घरभर सॉकेट तपासत फिरू लागले. बैठक, टीव्हीमागे: हिरवा. स्वयंपाकघर, ओट्यावर: हिरवा. तिथेच मिक्सर चालू केला की नारिंगी, बंद केला की परत हिरवा. हे मला इतकं गमतीचं वाटलं की चटणी वाटायची नसताना मी मिक्सर चार वेळा चालू-बंद केला.

मग सासऱ्यांच्या खोलीची पाळी आली.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. वय पंच्याऐंशीच्या आसपास. वीज खात्यात ते लाईनमन होते. खकनारच्या बाजूची गावं त्यांच्याकडे होती. माणूस अबोल. मी या घरात आल्यापासून आमच्यात जेवण, औषध आणि पेपर एवढ्यापलीकडे बोलणं झालं असेल तर सणावारी. सासूबाई गेल्यावर ते आणखी कमी बोलू लागले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर खुर्ची. ऐकूही कमी येतं, म्हणून आम्हीही मोठ्याने बोलायचा कंटाळा करायचो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते आहे.

मी त्यांच्या पलंगामागच्या सॉकेटमध्ये ठोकळा लावून वहीत लिहीत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"काय शोधून राहिली तू, बेटा? दोन दिवसांपासून बघून राहिलो मी."

"इंटरनेट, आबा."

"ते तर दुकानात आहे."

"लाईटच्या वायरमधून मागे न्यायचंय."

ते हसले. हसण्यात थोडी कीव होती. "वायरमधून लाईट जाते. दुसरं काही जात नाही. मी चाळीस वर्षं वायर ओढली."

मला शिक्षकी सुचली. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आबा, गल्लीत कापडाचे लूम चालू असतात, खडखडाट असतो. त्यात कुल्फीवाल्याची घंटी वाजली तर कळते की नाही?"

"कळायची," ते म्हणाले. "आता नाही कळत. पण कळायची."

"कशी कळायची? लूमचा आवाज तर किती मोठा."

त्यांनी विचार केला. "घंटीचा आवाज बारीक असतो. वेगळा असतो."

"तसंच. लाईट म्हणजे लूमचा आवाज. एका सेकंदाला पन्नास हेलकावे. नेट म्हणजे घंटी. त्याच वायरमध्ये, पण एका सेकंदाला लाखोंनी हेलकावे, आणि एकदम हलके. हा डबा म्हणजे कान. तो घंटी तेवढी ऐकतो."

 आबांनी हात पुढे केला. मी ठोकळा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, पिना बघितल्या, कानाशी नेऊन हलवला, आणि परत दिला. "लाव," म्हणाले. "बघू कोणता दिवा लागतो."

नारिंगी लागला.

"हे काय?"

"बरं आहे, पण उत्तम नाही."

"माझ्या खोलीत 'बरं' का? स्वयंपाकघरात काय आहे?"

"हिरवा."

"मग इथे का नाही?" आणि ते पलंगावरून उठून बसले. आवाजात जो चढ आला तो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. या घराची वायरिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली होती. त्यांच्या कामाला कुणी 'बरं' म्हणावं, हे त्यांना सोसलं नाही.

त्या दुपारी ते झोपले नाहीत. माझी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि मीटरपासून रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ कुठे वळते ते त्यांना पाठ होतं. "मीटरमधून मेनबोर्ड. इथून दोन लाईनी. ही दुकानाची. ही घराची. घराची बैठकीवरून जाते, वर लाकडी पट्टीवर, मग स्वयंपाकघर. इथून माझी खोली." मी विचारायचे, ते सांगायचे. त्यांनी खोली म्हटली की मी जाऊन तिथला सॉकेट तपासायचा आणि ओरडून रंग सांगायचा. दुकानातून हे विचारायला आले की घरात काय आरडाओरड चालली आहे. आबांनी त्यांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं, कारण ते उजेडाच्या आड आले होते.

मधेच थांबून आबांनी तुकईथडची गोष्ट सांगितली. तिकडच्या एका वस्तीत पहिल्यांदा लाईट आली तेव्हा खांबावर तेच चढले होते. बल्ब लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने मात्र त्यांना गाठून विचारलं, "रात्री लाईट लागते ते बराबर. पण दिवसा बटण बंद असतं, तेव्हा ती वायरमध्ये कुठे बसून राहते?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? मी आठवी पास. साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ज्यादा सवाल नका करू, पुढच्या खांबावर चढा." ते माझ्याकडे वळले. "तू सांग. कुठे बसते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. दाब असतो, वाहत नसते, नळ बंद असताना पाइपात पाणी असतं तसं. ते मान हलवत होते, पण समाधान झालेलं दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. ज्या प्रश्नावर मुलांना मी पाठ केलेलं उत्तर देत आले, तो त्या म्हातारीने किती नेमका विचारला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकापलीकडे गेलो. आबा माझा हात धरून चालत होते. मोरीजवळच्या सॉकेटमध्ये नारिंगी. माडीकडे जाणाऱ्या जिन्याच्या पायथ्याशीही नारिंगी. आणि जिन्याच्या मधल्या सपाट जागेवर लोखंडी कपाट आहे, त्याच्या पलीकडच्या पहिल्याच सॉकेटमध्ये लाल. मी परत खाली जाऊन तपासलं. नारिंगी. वर लाल. आठ पायऱ्यांत रंग बदलत होता.

"आबा, इथेच आहे! जे काही आहे ते या कपाटाच्या आसपास आहे."

मला फार आनंद झाला होता. अशी नेमकी जागा सापडण्याचा आनंद मला शाळेतल्या प्रयोगांतही क्वचित मिळाला. मी वळून खाली बघितलं. आबा पायथ्याशी उभे होते. ते कपाटाकडे बघत होते आणि चेहरा पडला होता.

"राहू दे आता," ते म्हणाले. "मला थकवा आला."

मी त्यांना खोलीत नेऊन सोडलं. त्या दिवशी ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पेपर डोळ्यांसमोर धरून बसलेले, पण पान उलटत नव्हते. मला वाटलं, जिना चढ-उतार करायला लावून मीच त्यांना दमवलं. ह्यांनीही मला तेच ऐकवलं, "काय गरज होती त्यांना फिरवायची?" मी वही बंद करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला नाही.

"बेटा, मेन बंद कर आणि ते कपाट सरकव."

"आता?"

"आता. पेचकस घेऊन ये."

दुकानातला कॉम्प्युटर बंद करायला लावून मी मेन पाडला. टेस्टर लावून खात्री केली, ती आबांनी दोनदा करायला लावली. हे आणि मी मिळून कपाट सरकवलं. मागे, छातीच्या उंचीवर, भिंतीत एक लाकडी पेटी होती. इतक्या वर्षांत मी ती कधी बघितली नव्हती. आबा जिन्यात खुर्चीवर बसले, हातात बॅटरी. मी पेचकसाने स्क्रू काढले. शेवटचा गंजलेला, तो ह्यांनी काढला. झाकण निघालं आणि एक वास आला, जुन्या जळक्या प्लॅस्टिकचा.

आत दोन तारांचे पीळ होते, काळ्या टेपने गुंडाळलेले. टेप हात लावताच पापडासारखी तुटली. एका पिळावरचं वेष्टण तपकिरी होऊन गळालेलं, तार उघडी. आणि त्याच्या मागे लाकूड काळं पडलं होतं, रुपयाएवढा कोळसा.

हे "बापरे" म्हणाले.

"इकडची ॲल्युमिनियमची," आबा म्हणाले. "पुढच्या घराची जुनी वायर आहे. मागचा भाग तुमच्या लग्नाच्या वर्षी बांधला, तिथे तांब्याची टाकली. दोन्हींचा असा पीळ नाही मारायचा. गरम होतो, ढिला होतो. हे मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना रागवायचो याच्यासाठी."

"मग?"

"दोन दिवसांची रजा होती. घरात पाहुणे. मांडवाला लाईट पाहिजे होती. म्हटलं, आत्ता मारून देतो, लग्न झाल्यावर बराबर करू." त्यांनी बॅटरी विझवली. "विसरलो नव्हतो मी. पुष्कळ वर्षं रोज लक्षात होतं. मग कपाट आलं, त्याच्यापुढे ठेवलं. मग एक दिवस विसरलो."

मला राग आला. तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. याच पिळाच्या पलीकडच्या खोलीत माझी मुलगी लहानाची मोठी झाली. तिथे इस्त्री लावली की बल्ब डोळे मिचकावायचा आणि आम्ही व्होल्टेजला दोष द्यायचो. कितीदा तरी त्या कपाटात मी कोरडे कपडे कोंबून ठेवले होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते. पण आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं ते बोलणी खायच्या तयारीनेच, आणि मला दिसलं की गेले दोन दिवस ते मनातल्या मनात हेच माझ्या तोंडून ऐकत होते.

"आबा, सांगितलंत ते बरं केलंत," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी हे कपाट कशाला सरकवलं असतं? मी तर वही बंद करून ठेवली होती."

 त्यांनी बॅटरी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चहा थंड झाला असेल."

मी नवा केला. मागच्या भागाची लाईट त्या दिवशी बंदच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. आमच्याच मोहल्ल्याच्या पलीकडे राहणारा, पन्नाशीचा, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारा. जिन्यातला पीळ बघून त्याने कपाळावर हात मारला. "हे कुणी मारलं, भाभी? ज्याने मारलं त्याला—"

"मी मारलं," खुर्चीवरून आबा म्हणाले.

वायरमनने वळून बघितलं आणि ओळखलं. "अरे चाचा! तुम्ही?" तो खाली वाकला, त्यांच्या गुडघ्याला हात लावला. "चाचा, तुम्ही खंभ्यावर चढायचे तेव्हा आम्ही खाली उभे राहून बघायचो. तुम्हाला बघूनच मी या लाईनीत आलो." मग त्या पिळाकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या. मजबूत होता, मानायला पाहिजे. इतकी वर्षं टिकला."

"त्याची तारीफ नको करू," आबा म्हणाले. "मेनबोर्डापासून मागच्यासाठी नवी तांब्याची लाईन टाक. पाइपातून. मधे एक पण जोड नको."

काम दोन दिवस चाललं. आबांनी खुर्ची बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून चौकात, तिथून जिन्यात हलवायला लावली, पाइप जसा पुढे सरकेल तशी. वायरमन सगळं त्यांना विचारून करत होता, जिथे विचारायची गरज नव्हती तिथेही. मला ते कळत होतं, आणि आबांनाही कळत असावं.

काम संपल्यावर मेन चढवला. मी ठोकळा घेऊन माडीवर गेले. जिन्याच्या तोंडाशी हे, खाली चौकात आबा आणि वायरमन. मी लावला. पहिला दिवा, तिसरा दिवा. मधला लुकलुकत राहिला, जास्तच वेळ लुकलुकला असं मला वाटलं, आणि हिरवा झाला.

"हिरवा!" मी ओरडले.

"काय म्हणते?" आबांनी खाली विचारलं.

"हिरवा म्हणते, चाचा," वायरमन त्यांच्या कानाशी ओरडला.

त्या संध्याकाळी मी माडीवर चटई टाकून मोडीच्या तासाला बसले. गुरुजी म्हणाले, "आज तुमच्याकडे शिट्टी नाही, ताई." मी पहिल्यांदा अख्खी ओळ न अडखळता वाचली. ओळ कुठल्याशा बैलजोडीच्या खरेदीची होती, पण मला ती फार मोठी वाटली.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला नेट मंदावतं आणि दिवा नारिंगी होतो. सकाळी बघावं तर हिरवा. हे म्हणाले, "आता पुन्हा भिंत खोदू नका." आबा मात्र खूश झाले. सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न तोच, "काल किती वाजता गेला?" आम्ही परत वही काढली. साडेसहाला घरात काय काय सुरू होतं त्याची यादी केली: देवघरातला दिवा, दुकानाची पाटी, टीव्ही, पाण्याची मोटर. एकेक बंद करून बघितलं. कशानेच फरक पडेना. शेवटी आबांनीच शोधलं, आणि ते त्यांच्याच खोलीत निघालं. डास मारायची बॅट. ते रोज संध्याकाळी ती चार्जिंगला लावत. ती काढली की हिरवा, लावली की नारिंगी. मी माडीवरून आणि ते खोलीतून, आम्ही दोघांनी ते इतक्या वेळा करून बघितलं की बॅटची पिन ढिली झाली. आता ती दुपारी चार्ज होते.

पुढे एक दिवस दुपारी वीज गेली आणि आली ती एकदम जोरात. दुकानातला पंखा घरघरला. सगळं ठीक निघालं, पण माडीवरचा ठोकळा गेला. एकही दिवा लागेना. मुलीने नवी जोडी पाठवते म्हणून सांगितलं. मी जुना ठोकळा कचऱ्यात टाकायला निघाले तर आबांनी हाक मारली.

"दे इकडे. उघडू."

"आबा, त्याच्यात आता काही राहिलं नाही."

"म्हणून तर. चालू असता तर तू उघडू दिला असता का?"

मी त्यांच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरलं. ते म्हणाले, एक दिवस तसाच पडू दे, आत थोडी वीज साठून राहिलेली असते. म्हणून दुसऱ्या दिवशी बसलो. स्क्रू नव्हतेच. दोन अर्धी कवचं एकमेकांत बसवलेली होती, ती मी सुरीच्या पात्याने सोडवली. आत हिरवी पट्टी, तिच्यावर तांदळाच्या दाण्याहून बारीक असंख्य तुकडे, दोन गुबगुबीत खांब, आणि एका कोपऱ्यात तांब्याच्या तारेचं लहानसं वेटोळं.

आबांनी भिंग घेतलं. वेटोळ्याशी बराच वेळ थांबले.

"हे कॉइल," म्हणाले. "हे मी ओळखतो. बाकीचं तू सांग."

मी सगळं बघितलं. काळे चौकोन, त्यांवरची अक्षरं, पट्टीवरच्या केसासारख्या रेघा. मला दोन गोष्टींची नावं सांगता आली, त्यांतल्या एकीबद्दल खात्री नव्हती.

"बाकीचं मलाही नाही माहीत, आबा."

"कुठे कळेल?"

"शोधावं लागेल."

त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं, उशी पाठीशी घेतली आणि पलंगावर सरकून मला जागा करून दिली. मी मोबाईल काढला आणि सगळ्यात मोठ्या काळ्या चौकोनावरची अक्षरं एकेक करून त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले.